विश्लेषण : ‘फोर-के’ मॉनिटर घेऊनही गेममध्ये मागे का पडता? फ्रेम रेट आणि रिझोल्यूशनचे गणित काय आहे?

पडदा जितका मोठा आणि चित्र जितके सुस्पष्ट, तितका खेळ चांगला, असा सर्वसाधारण समज आहे. त्यामुळे गेमिंगसाठी संगणक घेताना अनेक जण थेट ‘फोर-के’ मॉनिटरवर बोट ठेवतात. मात्र ‘काउंटर-स्ट्राइक २’ किंवा ‘व्हॅलोरंट’सारख्या स्पर्धात्मक गेममधले व्यावसायिक खेळाडू नेमके उलटे करतात. त्यांच्यापुढे साधारण २४-२५ इंचांचा लहान मॉनिटर असतो आणि त्यातले बरेच जण रिझोल्यूशन मुद्दाम कमी ठेवतात. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी घातली, पण ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. या क्षेत्राकडे गांभीर्याने पाहणारे तरुण आणि त्यांच्या संगणकासाठी हप्ते भरणारे पालक, दोघांनीही हे गणित समजून घेण्याची गरज आहे. कारण चुकीच्या जागी खर्च झाला, तर महागडा मॉनिटर समोर असूनही खेळात फरक पडत नाही.

फ्रेम रेट, रिफ्रेश रेट आणि रिझोल्यूशन म्हणजे काय?

पडद्यावर दिसणारी हालचाल म्हणजे एकापाठोपाठ एक दाखवलेली स्थिर चित्रे. अशा एका चित्राला फ्रेम म्हणतात. संगणक एका सेकंदात जितक्या फ्रेम तयार करतो तो फ्रेम रेट. तो ‘एफपीएस’मध्ये मोजतात. मॉनिटर एका सेकंदात जितक्या वेळा चित्र बदलू शकतो तो रिफ्रेश रेट. तो हर्ट्झमध्ये मोजतात. आणि एका फ्रेममध्ये किती ठिपके, म्हणजे पिक्सेल आहेत, ते रिझोल्यूशन.

स्मार्टफोन वापरणाऱ्यांना यातला फरक अनुभवाने ठाऊक असतो. ६० हर्ट्झचा जुना फोन सोडून १२० हर्ट्झचा फोन हातात घेतला की स्क्रीन वर-खाली सरकवताना अक्षरे अधिक सहज सरकतात. चित्रातले ठिपके वाढलेले नसतात, चित्र फक्त दुप्पट वेळा बदलत असते.

संगणकात मात्र हे आकडे एकमेकांवर अवलंबून असतात. ग्राफिक्स कार्ड सेकंदाला ९० फ्रेमच तयार करत असेल, तर २४० हर्ट्झचा मॉनिटरही ९० वेगवेगळी चित्रेच दाखवणार. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? उलट कार्ड २४० फ्रेम तयार करत असेल आणि मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल, तर त्यातल्या बहुतेक फ्रेम पूर्ण स्वरूपात पडद्यावर येतच नाहीत.

दोन्ही एकाच वेळी जास्त का मिळत नाहीत?

कारण प्रत्येक पिक्सेलचा रंग ग्राफिक्स कार्डला दर फ्रेममध्ये नव्याने काढावा लागतो. ‘फुल एचडी’ म्हणजे १९२० बाय १०८० रिझोल्यूशनमध्ये एका फ्रेमला सुमारे २०.७ लाख पिक्सेल लागतात. २५६० बाय १४४० मध्ये हा आकडा ३६.९ लाखांवर जातो. ३८४० बाय २१६० म्हणजेच ‘फोर-के’मध्ये तो जवळपास ८३ लाख होतो. फुल एचडीच्या नेमका चौपट.

हे सेकंदाच्या हिशेबात पाहिले तर ताण लक्षात येतो. २४० फ्रेमचा वेग राखायचा, तर फुल एचडीमध्ये दर सेकंदाला सुमारे ५० कोटी पिक्सेल रंगवावे लागतात. ‘फोर-के’मध्ये तेच काम जवळपास २०० कोटींचे होते. शत्रूची जागा ठरवणे, गोळीचा मार्ग काढणे, आवाज वाजवणे अशी काही कामे रिझोल्यूशनवर अवलंबून नसतात. त्यामुळे फ्रेम रेट अगदी एक चतुर्थांश होतोच असे नाही. पण घसरण मोठी असते आणि मध्यम किमतीच्या कार्डावर ती लगेच जाणवते.

मिलिसेकंदांचा हिशेब काय सांगतो?

दोन चित्रांमधले अंतर मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. ते असे :

६० हर्ट्झ : १६.७ मिलिसेकंद
१४४ हर्ट्झ : ६.९ मिलिसेकंद
२४० हर्ट्झ : ४.२ मिलिसेकंद
३६० हर्ट्झ : २.८ मिलिसेकंद
५४० हर्ट्झ : १.९ मिलिसेकंद

भिंतीच्या कोपऱ्याआडून प्रतिस्पर्धी बाहेर आला, पण नवे चित्र यायला अजून १६ मिलिसेकंद असतील, तर खेळाडूच्या दृष्टीने तो अजून आलेलाच नसतो. डोळ्याने पाहून हाताने क्लिक करायला माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. त्यापुढे १० मिलिसेकंद किरकोळ वाटतील. पण समोरचाही माणूसच असतो आणि त्यालाही तेवढाच वेळ लागतो. दोघांची चपळाई सारखी असेल, तर ज्याला आधी दिसले तो आधी गोळी झाडतो.

दुसरा फायदा स्पष्टतेचा आहे. एखादी आकृती पडद्यावर सेकंदाला ९६० पिक्सेल वेगाने सरकत असेल, तर ६० हर्ट्झवर ती दर चित्रात १६ पिक्सेलची उडी मारते. तिच्या मागे फिरणाऱ्या डोळ्याला ती तितकीच पुसट दिसते. २४० हर्ट्झवर ही उडी ४ पिक्सेलची होते. म्हणजे हलत्या चित्राची स्पष्टता बऱ्याच अंशी रिफ्रेश रेटवर ठरते. ‘फोर-के’चे बारीक तपशील स्थिर चित्रात सुंदर दिसतात. पण ६० हर्ट्झवर माउस झटकन फिरवला की तेच तपशील पुसले जातात.

मात्र वरच्या यादीत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. ६० वरून १४४ हर्ट्झवर गेले की दोन चित्रांमधले अंतर जवळपास १० मिलिसेकंदांनी घटते. १४४ वरून २४० वर गेल्यास २.८ मिलिसेकंद वाचतात. २४० वरून ३६० साठी १.४ आणि ३६० वरून ५४० साठी जेमतेम ०.९. आकडा वाढत जातो, किंमतही वाढत जाते, पण पदरात पडणारा वेळ कमी होत जातो. पहिली उडी जवळपास प्रत्येकाला जाणवते. शेवटच्या उडीचा फायदा उठवायला वर्षांचा सराव लागतो.

व्यावसायिक खेळाडू कमी रिझोल्यूशन का निवडतात?

‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये अनेक नामांकित खेळाडू आजही १२८० बाय ९६० रिझोल्यूशनमध्ये खेळतात. त्यात फुल एचडीच्या सुमारे ५९ टक्केच पिक्सेल असतात. शिवाय हे चित्र जुन्या टीव्हीसारख्या ४:३ आकाराचे असते आणि ते ताणून १६:९च्या रुंद पडद्यावर बसवले जाते.

यामागे सवयीचा भाग मोठा आहे. काचेच्या नळीचे, म्हणजे सीआरटी मॉनिटर ४:३ आकाराचे होते आणि या खेळाची पहिली पिढी त्यांच्यावरच घडली. पुढच्या पिढीने तीच मांडणी उचलली. ताणलेल्या चित्रात प्रतिस्पर्ध्याची आकृती एक तृतीयांशाने रुंद दिसते, त्यामुळे नेम धरणे सोपे वाटते, असे अनेक खेळाडू मानतात. आणि पिक्सेल कमी असल्याने ग्राफिक्स कार्डवरचा भार हलका होतो.

पण याची किंमत मोजावी लागते. या खेळात १६:९ आकाराच्या चित्रात सुमारे १०६ अंशांचा आडवा भाग दिसतो. ४:३ मध्ये तो ९० अंशांवर येतो. म्हणजे दोन्ही कडांचा काही भाग दिसेनासा होतो आणि बाजूने येणारा प्रतिस्पर्धी उशिरा लक्षात येऊ शकतो. शिवाय आकृती जितकी रुंद दिसते, तितक्याच प्रमाणात ती पडद्यावर वेगाने सरकते. त्यामुळे रुंद आकृतीचा फायदा वाटतो तेवढा सरळ नाही.

‘व्हॅलोरंट’मध्ये तर दृष्टिक्षेत्र १०३ अंशांवर कायम ठेवलेले आहे. तिथे रिझोल्यूशन बदलून आकृत्या तशा रुंद होत नाहीत, म्हणून तिथले बहुतांश व्यावसायिक फुल एचडीवरच खेळतात. एका खेळातल्या चॅम्पियनची सेटिंग दुसऱ्या खेळात जशीच्या तशी उचलण्यात अर्थ नसतो, तो यामुळे.

मग रिझोल्यूशनला काहीच किंमत नाही का?

आहे, पण ती खेळावर आणि पडद्याच्या आकारावर ठरते. ‘व्हॅलोरंट’मधल्या चकमकी तुलनेने जवळून होतात. ‘पबजी’सारख्या विस्तीर्ण नकाशाच्या खेळात मात्र दूरच्या टेकडीवरचा शत्रू मोजक्या पिक्सेलचा असतो. रिझोल्यूशन फार कमी केले तर तो झाडाझुडपांत मिसळून जातो. तिथे २५६० बाय १४४० चा उपयोग दिसतो.

पडद्याचा आकारही पाहावा लागतो. २४.५ इंचांच्या पडद्यावर फुल एचडीमध्ये दर इंचाला सुमारे ९० पिक्सेल बसतात. तेच रिझोल्यूशन २७ इंचांवर पसरले की हा आकडा ८२ वर येतो आणि कडा दातेरी दिसू लागतात. २७ इंचांवर २५६० बाय १४४० असेल, तर दर इंचाला सुमारे १०९ पिक्सेल मिळतात. म्हणून २४-२५ इंचांना फुल एचडी आणि २७ इंचांना १४४० ही जोडी सर्वसाधारणपणे जुळते.

त्यातच बहुतेक घरांत तोच मॉनिटर अभ्यास, कोडिंग आणि चित्रपटांसाठी वापरला जातो. दिवसातले सहा तास मजकूर वाचण्यात जात असतील आणि एक तास गेममध्ये, तर १४४० रिझोल्यूशन आणि १६५ किंवा १८० हर्ट्झ ही तडजोड शहाणपणाची ठरते.

सरासरी फ्रेम रेट फसवा का असतो?

यूट्यूबवरच्या चाचण्यांत ‘सरासरी २४० एफपीएस’ असे ठळकपणे लिहिलेले असते. खेळाचा निकाल मात्र सरासरीत लागत नाही. धुराचे गोळे फुटतात, पाच-सहा खेळाडू एकाच जागी भिडतात, तेव्हा संगणकावर सर्वाधिक ताण येतो. नेमक्या त्याच क्षणी फ्रेम रेट ९० वर आला, तर प्रत्येक फ्रेमला ११ मिलिसेकंद लागतात. रिकाम्या गल्लीत धावताना मिळालेल्या ३०० फ्रेमचा तिथे उपयोग नसतो.

म्हणून चाचण्यांमध्ये ‘वन पर्सेंट लो’ नावाचा आकडा देतात. सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा वेग किती होता, हे त्यावरून कळते. सेटिंग ठरवताना हाच आकडा पाहायला हवा. सरासरी २६० आणि तळ ८० असण्यापेक्षा सरासरी १९० आणि तळ १५० असणे केव्हाही चांगले. हात एका लयीची सवय करून घेतो. ती लय मध्येच तुटली की नेम चुकतो.

अडते कुठे, ग्राफिक्स कार्डात की प्रोसेसरमध्ये?

हे तपासण्याची एक सोपी पद्धत आहे आणि तिला काही खर्च येत नाही. गेममधले रिझोल्यूशन एक पायरी खाली आणायचे आणि त्याच नकाशावर पुन्हा फ्रेम रेट पाहायचा. तो ठळकपणे वाढला, तर आधी ग्राफिक्स कार्ड अडत होते. जेमतेम हलला, तर प्रोसेसर किंवा रॅम अडते आहे.

दुसऱ्या परिस्थितीत रिझोल्यूशन आणखी कमी करून चित्र बिघडते, वेग मात्र वाढत नाही. ‘व्हॅलोरंट’सारख्या हलक्या खेळात हे वारंवार दिसते. तिथे प्रोसेसरचा वेग आणि रॅमच्या दोन पट्ट्या यांचा परिणाम मोठा असतो. अनेक लॅपटॉप रॅमच्या एकाच पट्टीसह विकले जातात. दुसरी पट्टी टाकणे हा तिथला स्वस्त उपाय ठरतो. एप्रिल-मेच्या उकाड्यात बंद खोलीत संगणक तापला की तो आपला वेग आपणहून कमी करतो, हेही विसरून चालत नाही. संध्याकाळी सुरळीत चालणारा गेम दुपारी अडखळू लागला, तर पहिला संशय उष्णतेवर घ्यावा.

सॉफ्टवेअरची मदत किती घ्यावी?

ग्राफिक्स कार्ड पूर्ण १०० टक्के भाराखाली असले की तयार व्हायच्या फ्रेमची रांग लागते आणि क्लिक पडद्यावर उमटायला उशीर होतो. ही रांग छोटी ठेवण्यासाठी एनव्हीडियाने २०२०मध्ये ‘रिफ्लेक्स’ हे तंत्र आणले. गेममध्ये तो पर्याय असेल तर चालू ठेवावा. एएमडीचे ‘अँटी-लॅग २’ याच कामाचे आहे. त्याआधीच्या ‘अँटी-लॅग प्लस’ने मात्र ऑक्टोबर २०२३मध्ये गोंधळ उडवला होता. ते ड्रायव्हरमधून थेट गेमच्या कामात हात घालत होते. त्यामुळे ‘काउंटर-स्ट्राइक २’च्या फसवणूकविरोधी यंत्रणेने खेळाडूंवर बंदी आणली आणि एएमडीला तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला.

कमी रिझोल्यूशनमध्ये चित्र तयार करून ते मोठे करणारी ‘डीएलएसएस’ किंवा ‘एफएसआर’ ही तंत्रे फ्रेम रेट वाढवतात. स्पर्धात्मक खेळात ती बेताने वापरता येतात. पण ‘फ्रेम जनरेशन’ हा पर्याय वेगळा आहे. त्यात दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक कृत्रिम फ्रेम घातली जाते. त्यासाठी पुढची खरी फ्रेम थोडी रोखून धरावी लागते आणि मधल्या फ्रेममध्ये खेळाडूच्या ताज्या क्लिकची माहिती नसते. कोपऱ्यातला आकडा दुप्पट दिसतो, उशीर मात्र वाढतो. निवांत खेळायच्या कथाप्रधान गेमसाठी ते ठीक, नेमबाजीच्या स्पर्धेत ते टाळलेले बरे.

इंटरनेटचा वाटा किती?

ऑनलाइन खेळात प्रतिस्पर्ध्याची हालचाल सर्व्हरमार्गे येते. ‘व्हॅलोरंट’चा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा परिस्थिती ताजी करतो, म्हणजे दर ७.८ मिलिसेकंदांनी. या खेळाचे सर्व्हर मुंबईत आहेत, त्यामुळे महाराष्ट्रातल्या खेळाडूंना अंतराचा त्रास कमी होतो. तोच खेळाडू सिंगापूरच्या सर्व्हरवर गेला, तर सरळ रेषेतले अंतरच सुमारे ३,९०० किलोमीटर आहे. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे जाऊन-येऊन किमान ३९ मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्षात केबल वळसे घेत जाते, त्यामुळे त्याहून जास्त.

६० वरून ५४० हर्ट्झपर्यंत मजल मारली, तरी दोन चित्रांमधले अंतर १५ मिलिसेकंदांपेक्षा कमीच घटते. त्यामुळे दूरचा सर्व्हर किंवा दोन भिंतींपलीकडचे वाय-फाय तसेच ठेवून मॉनिटरवर खर्च करणे म्हणजे गळकी बादली न बदलता मोठा नळ बसवण्यासारखे आहे. राउटरपासून संगणकापर्यंत ओढलेली साधी लॅन केबल कित्येकदा अधिक फरक पाडते.

खरेदीचा क्रम कसा असावा?

आधी खेळ ठरवावा. त्या खेळात हाताशी असलेला किंवा घेता येणारा संगणक गर्दीच्या क्षणी किती फ्रेम टिकवतो, ते पाहावे. त्या आकड्याला पेलेल असा मॉनिटर निवडावा. आणि उरलेल्या क्षमतेत बसेल तेवढेच रिझोल्यूशन घ्यावे. मॉनिटरपासून सुरुवात करून कार्डाकडे यायचे, तर अनेकदा दोन्हींवर जास्तीचा खर्च होतो.

ज्यांच्याकडे अजून ६० हर्ट्झचा मॉनिटर आहे, त्यांच्यासाठी १४४ ते १८० हर्ट्झचा फुल एचडी मॉनिटर ही सर्वांत फायद्याची पायरी आहे. तळाचा फ्रेम रेट सातत्याने २०० च्या वर राहत असेल, तरच २४० हर्ट्झचा विचार करावा. फ्रेम रेट वर-खाली होत असेल, तर मॉनिटरमध्ये ‘जी-सिंक’ किंवा ‘फ्रीसिंक’ आहे का, हे पाहावे. या सोयीमुळे मॉनिटर आपला वेग कार्डाच्या वेगाशी जुळवून घेतो आणि चित्र फाटल्यासारखे दिसत नाही.

नवा मॉनिटर घरी आला की दोन गोष्टी लगेच तपासाव्यात. केबल मदरबोर्डला न लावता ग्राफिक्स कार्डलाच लावली आहे ना, आणि विंडोजच्या ‘अॅडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये रिफ्रेश रेट निवडला आहे ना. बऱ्याचदा विंडोज तो ६० हर्ट्झवरच ठेवते. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन महिनोन्महिने ६० हर्ट्झवर खेळणारे कमी नाहीत. सोबत मिळालेली जुन्या प्रकारची एचडीएमआय केबल पूर्ण वेग देत नसेल, तर डिस्प्लेपोर्ट केबल वापरावी.

पुढे काय?

मॉनिटर कंपन्यांनी हा पेच सोडवायला सुरुवात केली आहे. २०२४मध्ये एलजीने असा मॉनिटर आणला, जो ‘फोर-के’मध्ये २४० हर्ट्झ आणि एक बटण दाबताच फुल एचडीमध्ये ४८० हर्ट्झवर चालतो. २०२५मध्ये १४४० रिझोल्यूशनचे ५०० हर्ट्झ ओएलईडी मॉनिटरही बाजारात आले. म्हणजे पडद्यापुरती तरी ‘हे की ते’ अशी निवड हळूहळू संपत जाईल.

तेवढ्या फ्रेम तयार करण्याचे काम मात्र ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसरकडेच राहणार, आणि त्यांचा खर्चही. तोवर स्पर्धात्मक खेळासाठी हिशेब साधा आहे. ऐन चकमकीत टिकेल एवढा वेग आधी मिळवायचा, आणि त्यातून उरेल तेवढी स्पष्टता घ्यायची.